पुंजारामची ओली बंडी

शनिवार, ता. १३ एप्रिल १९३५. सकाळपासून उकाडा. नवा माठ आणला; जुना झिरपेनासा झाला आहे, त्यात पाणी गार होत नाही. तांदूळ निवडून ठेवले. दुपारच्या टपालाने पुंजारामचा सरकारी लखोटा माझ्या पत्त्यावर आला. अर्ज नामंजूर. उद्या उपासनेहून परतल्यावर मळ्यात जाऊन सांगेन.

रोजनिशीत मी एवढे लिहिले आणि टाक पुसते आहे तोच पुंजाराम दारात येऊन उभा राहिला. उन्हाळ्यात तो दिवस मावळल्यावरच मळ्याबाहेर पडे. डोक्याला ओला पटका, अंगात ओली बंडी, हातात केळीच्या सोपटात बांधलेली विड्याची पाने. मागे त्याची बायको झुंबरबाई, हातात पाण्याची कळशी. आमच्या शरणपुरात या जोडप्याला सगळे ओळखत. इतर बायका नवऱ्यामागे भाकरी घेऊन जातात, ही पाणी घेऊन जाई.

माझे यजमान मिशनच्या शाळेत शिक्षक होते. जेवणानंतर त्यांना विडा लागे, आणि ती सवय ते जाताना माझ्याकडे ठेवून गेले. पुंजाराम पाने देऊ लागला त्याला तेव्हा बरीच वर्षे झाली होती. माझे शिक्षण पुण्याला कॉन्व्हेंटात झाले, त्यामुळे आळीत कोणाला इंग्रजी कागद आला की तो माझ्याकडे येतो. जुन्या लढाईतल्या शिपायांचे अर्ज सरकार पुन्हा ऐकणार असे कळल्यावर पुंजारामचा पेन्शनचा अर्जही मीच लिहिला होता.

“काय म्हनतंय सरकार?” त्याने विचारले. लखोटा मेजावर त्याच्या डोळ्यांसमोरच होता.

मी कागद उलगडला आणि एकेक वाक्य मराठीत सांगितले. अर्जदार दिसण्यात धडधाकट आहे. चाल सरळ आहे. बोलणे स्पष्ट आहे. तपासणीच्या वेळी त्याला भरपूर घाम येत होता व कपडे घामाने भिजलेले होते. सबब बसऱ्यास ऊन लागून कायमचा विकार जडला, हे त्याचे म्हणणे मान्य करता येत नाही.

“मला घाम?” पुंजाराम म्हणाला. तो रागावला नव्हता, चकित झाला होता. “मास्तरीणबाई, बसऱ्यापासून मला घामाचा थेंब आला आसंल तर...”

तो मधेच थांबला. त्याच्या बंडीतून पाण्याचा थेंब माझ्या पायरीवर टपकला होता. आम्ही तिघांनीही त्या थेंबाकडे पाहिले.

“झुंबर,” मी म्हणाले, “तपासणीला पाठवताना याला भिजवून पाठवलेस?”

“मग? शिमग्यापासून ऊन तापलंय, कोरडा धाडू व्हय?” झुंबरबाई म्हणाली. “नवी बंडी व्हती. पानी धरंना, म्हनून दोनदा बुडवली.”

ओल्या बंडीवर त्याने धुतलेला सदरा घातला होता आणि तो ऐटीत डॉक्टरापुढे जाऊन उभा राहिला होता. डॉक्टराने पाठीला हात लावला, हात ओला झाला, आणि त्याने जे दिसले ते लिहिले. त्या डॉक्टराला मी दोष देत नाही. नवऱ्याला बायको कपड्यासकट विसळून पाठवते, हे त्याला कसे कळावे?

मला हसू आले. मग पुंजारामही हसला. झुंबरबाई मात्र हसली नाही. “आता मळा मोडला की ह्यांना कुठं ठिवू?” ती म्हणाली, आणि माझेही हसू गेले.

ते मळ्याचे सांगायला हवे, म्हणजे पेन्शन कशासाठी पाहिजे होते ते ध्यानात येईल.

पुंजाराम निफाडकडचा. मिसरूड फुटत होते तेव्हा पलटणीत भरती झाला आणि मोठ्या लढाईत बसऱ्याला गेला. लढाईबद्दल तो फारसे बोलत नसे. नदीतल्या होड्यांवर पहारा करायचा, होड्या लोखंडी, बसायला गेले तर चटका बसे, एवढे सांगे. एके दुपारी तो पहाऱ्यावरच कोसळला. शुद्धीवर आला तेव्हा इस्पितळात होता. शेजारच्या खाटेवरचा साताऱ्याकडचा शिपाई बर्फ बर्फ करीत होता, आणि बर्फ संपला होता. पुंजाराम जहाजाने मुंबईस परत आला. कसे वाटते म्हणून विचारले तेव्हा त्याने टाचा जुळवून “ठीक है साब” म्हटले. पलटणीत या प्रश्नाला दुसरे उत्तर शिकवलेले नसते. साहेबाने ठीक असे लिहिले, आणि तो घरी आला.

पहिल्याच उन्हाळ्यात खळ्यावर तो पुन्हा पडला. अंग तव्यासारखे तापलेले आणि कोरडे ठणठणीत. गावातल्या जाणत्यांनी सांगितले, ताप आहे, घाम काढा. भर दुपारी त्याला दोन घोंगड्यांत गुंडाळले आणि शेजारी शेगडी ठेवली. झुंबरबाई तेव्हा नवी नवरी होती, सासूसमोर डोक्यावरचा पदर हलू देत नसे. तिने पाहिले की नवऱ्याचे कान लालभडक झाले आहेत आणि जीभ जड पडते आहे. घरात सोयऱ्यांसाठी दोन हंडे भरून ठेवले होते. तिने दोन्ही हंडे त्याच्यावर ओतले, घोंगड्यांसकट.

“सासू म्हनाली, सोयऱ्यांचं पानी गेलं,” झुंबरबाई सांगे. “म्या म्हनलं, सोयरे गेले तरी चालतील.”

पुंजाराम बोलू लागला. तेव्हापासून तिने त्याला ओला ठेवला. हिवाळ्यात तो चारचौघांसारखा असे. पण ऊन तापले की पटका ओला, बंडी ओली, आणि कान लाल दिसले की कळशी. उघड्या रानात त्याला काम करता येईना. सावलीचे काम शोधत दोघे नाशकास आले, आणि एके दुपारी नासर्डीच्या काठच्या इब्राहिमभाई तांबोळ्यांच्या पानमळ्याच्या कडेला पुंजाराम टेकला, तो उठेनाच.

पानमळा ज्यांनी पाहिला नाही त्यांना सांगते. उंच शेवरीच्या झाडांवर विड्याचे वेल चढवलेले असतात. वर पानांचे छत, खाली सदा ओली माती. बाहेर वैशाख असला तरी आत श्रावण असतो. आत शिरताना वहाणा बाहेर काढतात, देवळाबाहेर काढाव्या तशा. पुंजारामनेही काढल्या होत्या, म्हणूनच इब्राहिमभाईंनी त्याला हाकलले नाही.

“झोपायचंच असेल तर उठल्यावर पाणी घाल वेलांना,” ते म्हणाले. तो उठला, त्याने पाणी घातले, आणि पुढे सोळा-सतरा वर्षे घालीत राहिला. वेल बांधावे, पाने खुडावी, पाट फिरवावा. त्याची मुलगी मैना तिथेच वाढली आणि लग्न होऊन निफाडला गेली. पुंजारामला मी कधी कुरकुरताना ऐकले नाही. “माझं नशीब गार हाय, मास्तरीणबाई,” तो म्हणे.

पण त्या वर्षी इब्राहिमभाईंनी ठरवले की दिवाळीनंतर वेल काढून ऊस लावायचा. मी त्यांना विचारायला गेले, तेव्हा त्यांनी मला आत नेले आणि एक वेल ओढून दाखवला. तो मुळापासून सहज हातात आला.

“पहा बाई. म्हातारे झाले, मूळ सडतंय. पाण्याचा खर्च निघत नाही.”

“आणि पुंजाराम?”

“पुंजाराम माझ्या मळ्यातलाच एक वेल आहे. पाणी मारलं की टवटवीत,” इब्राहिमभाई म्हणाले. मग त्यांनी हातातला वेल खाली ठेवला. “त्याला उसात उभा केला तर मी अल्लाला काय सांगू? पण मळा असाच ठेवला तर घरात काय सांगू? विहिरीकडचे वेल अजून चांगले आहेत. कुणी तो तुकडा खंडाने घेणारा असता तर राहिला असता. पुंजारामकडे खंडाला पैसा आहे काय?”

पेन्शन हवे होते ते यासाठी. दरमहा ठरलेले काही हातात आले तर विहिरीकडचा तुकडा राहणार, नाहीतर दिवाळीनंतर पुंजारामने उन्हात उभे राहायचे.

मी फेरतपासणीचा अर्ज लिहिला. जे घडले ते सरळ लिहिले: ते पाणी होते, घाम नव्हे, आणि ते बायकोने घातले होते. मे महिन्यात बोलावणे आले. आणि मग खरी अडचण उभी राहिली.

“ह्या वेळी कोरडा जायला हवा,” मी म्हणाले.

“नाय,” झुंबरबाई म्हणाली.

“अगं, एक दिवसाचा प्रश्न आहे.”

“मरायला दिस लागत नाय, बाई.”

“पलटनीत ऱ्हायलेला गडी हाय मी,” पुंजाराम म्हणाला. “अर्धा दिस उभा ऱ्हाईन.”

“तुमच्या पलटनीनंच तर असं करून धाडलंय. मला नगं पेन्शन. मी धुणीभांडी करीन.”

“आन् मी काय करू? माठाजवळ बसून ऱ्हाऊ?”

तिला ते दिसले असावे, रिकामा बसलेला पुंजाराम. मलाही दिसले. मी कोणाचीच बाजू घेतली नाही, चहा टाकला. चहा होईतो त्यांच्यात तह झाला होता. पुंजारामने कोरडे जायचे. झुंबरबाईने बरोबर यायचे, पानांच्या करंडीत पानांखाली ओला पंचा ठेवायचा, आणि कानांवर लक्ष ठेवायचे.

“कान लाल झालं की मी कुनाचं ऐकनार नाय,” तिने बजावले. “साहेबाचं नाय, तुमचं बी नाय, बाई.”

“बरे,” मी म्हणाले.

लष्कराच्या छावणीत आम्ही टांग्याने सकाळीच पोचलो, पण बोलावणे आले तेव्हा सूर्य डोक्यावर होता. तोवर पत्र्याच्या पडवीत बाकावर बसून होतो. माझी चोळी पाठीला चिकटली होती. पहाऱ्यावरच्या शिपायाच्या मानेवरून ओघळ वाहत होते. बाकावरचे इतर जुने शिपाई पटक्याच्या शेवाने तोंडे पुसत होते. पुंजारामचा सदरा मात्र परटाकडून आला तसा कडक होता, घडीची रेघसुद्धा मोडली नव्हती.

“लगीन हाय व्हय तुमचं?” शेजारच्या म्हाताऱ्या शिपायाने त्याला विचारले.

“झालंय,” पुंजाराम म्हणाला, “ती काय, करंडी घेऊन बसलीय.”

डॉक्टर या वेळी दुसरा होता, टकला, वयस्क, गळ्यात टॉवेल. मी दुभाषी म्हणून आत गेले, झुंबरबाईला शिपायाने दाराबाहेर थांबवले. डॉक्टराने माझा अर्ज वाचला आणि चष्म्यावरून माझ्याकडे पाहिले.

“बायको याला भिजवते?” त्याने इंग्रजीत विचारले.

“होय. बाहेर बसली आहे.”

तो उठला. त्याने पुंजारामच्या सदऱ्याखाली हात घातला, काखेत, पाठीवर, मानेवर. मग स्वतःच्या मानेवर हात फिरवला आणि तो टॉवेलला पुसला. पुंजारामला हिंदुस्थानीत विचारले, “कैसा है, जवान?”

पुंजारामने टाचा जुळवल्या. “ठीक है साब!”

इतक्या वर्षांनीही तेच उत्तर! पण ते शब्द नेहमीसारखे फटकन आले नव्हते. जिभेखाली खडा असावा तसे आले. डॉक्टराने मान एका बाजूला कलवली. त्याने अंगणातल्या निंबाकडे बोट दाखवले: तिथवर चालत जा आणि परत ये.

पुंजाराम निघाला. जाताना नीट गेला. निंबापाशी वळताना एक पाय जरा लांब पडला. परत येताना तो सरळ रेषेत येत नव्हता, आणि मला इतक्या लांबून त्याचे कान दिसले.

“ए बाई, तिकडे नाही, तिकडे नाही!” शिपाई ओरडला.

झुंबरबाई करंडी टाकून धावली होती. पाने पडवीभर पसरली. तिने पुंजारामला निंबाच्या सावलीत खाली बसवले आणि ओला पंचा डोक्यापासून पाठीपर्यंत त्याच्यावर टाकला. सदरा भिजला, बंडी भिजली, सगळे पहिल्यासारखे झाले. मी मनात म्हणाले, संपले. पुन्हा ओला.

डॉक्टर पायऱ्या उतरून तिच्याजवळ गेला. “ही काय करते आहे? विचारा तिला.”

मी विचारले.

“साहेबाला म्हनावं, तुमच्या वसरीत त्यो माठ हाय ना?” झुंबरबाई नवऱ्याच्या कानामागे पाणी लावीत, वर न पाहता म्हणाली. “नवा माठ झिरपतो, म्हनून गार ऱ्हातो. जुना झाला, छिद्रं बुजली, की झिरपत नाय. मग बाहेरून वलं फडकं गुंडाळायचं. आमचं हे तसंच हाय. बसऱ्याला ह्यांची छिद्रं बुजली.”

मी शब्दाला शब्द इंग्रजी केले. डॉक्टराने पडवीतल्या तिवईवरच्या माठाकडे पाहिले. त्यालाही ओले कापड गुंडाळलेले होते. तो मोठ्याने हसला. मग पुंजारामसमोर उकिडवा बसला, त्याची नाडी धरली, आणि म्हणाला की पंचा राहू दे. मधूनमधून तो त्याला काही तरी विचारी: गाव कुठले, मुले किती, पलटणीतला हवालदार कोण होता. सुरुवातीची उत्तरे अडखळत आली. थोड्या वेळाने ती सुटी झाली. हवालदाराचे नाव सांगताना तर पुंजारामने त्या हवालदाराची नक्कलच करून दाखवली.

“हे ती किती वर्षे करते आहे?” डॉक्टराने मला विचारले.

“लग्नाच्या वर्षापासून.”

तो आत गेला आणि लिहीत बसला. निकाल मागाहून कळेल, एवढेच सांगितले. मी त्याचे आभार मानले. झुंबरबाई पडवीतली पाने गोळा करीत होती, आणि तो पहाऱ्यावरचा शिपाई वाकून तिला मदत करीत होता. “एक पान घ्या,” ती त्याला म्हणाली, “चुना मातर तुमचा.”

परतताना टांग्यात तिने पंचा दोनदा पिळून पुन्हा भिजवला. पुंजाराम डोळे मिटून बसला होता. नासर्डीच्या पुलावर त्याने डोळे उघडले आणि विचारले, “साहेबाला पटलं आसंल का हो?”

“पटले असावे,” मी म्हणाले. मला खात्री नव्हती.

“नाय पटलं तरी एक बरं झालं,” तो म्हणाला. “त्या हवालदाराची नक्कल साहेबासमोर करायची माझी लय इच्छा व्हती.”

ऑगस्टात लखोटा आला. मी तो उघडला नाही, तशीच मळ्यात गेले. वहाणा बाहेर काढल्या, पदर खोचला आणि ओल्या मातीतून आत शिरले. पुंजाराम शिडीवर वेल बांधीत होता. इब्राहिमभाई विहिरीच्या काठावर बसून पाने मोजीत होते. झुंबरबाई पाट वळवीत होती. तिघांनी मला पाहिले आणि तिघांचेही हात थांबले.

मी उभ्या उभ्या वाचले. उन्हाने झालेला विकार कायमचा असून तो नोकरीत असतानाच जडला, असे मान्य करण्यात येत आहे. पेन्शन मंजूर. रक्कम मोठी नव्हती. पण विहिरीकडच्या तुकड्याला पुरेल एवढी होती. ती ऐकून इब्राहिमभाईंनी बोटांवर हिशेब केला आणि हातातली जुडी बाजूला ठेवली.

“चला. विहिरीकडचे वेल पुंजारामचे,” ते म्हणाले. “पण पाने दुसऱ्या तांबोळ्याला दिलीस तर पहा.”

पुंजाराम शिडीवरून उतरला. त्याने टाचा जुळवून मला सलाम केला, अनवाणी, गुडघ्यापर्यंत चिखल. मग त्याने विचारले, “मास्तरीणबाई, त्यात घामाचं काय लिहिलंय?”

“घाम येत नाही, असे लिहिले आहे.”

“अजून काय?”

मी पुढचे वाक्य वाचले. अर्जदार आजवर जिवंत आहे तो केवळ पत्नीने घेतलेल्या काळजीमुळे, असे तपासणी मंडळाचे मत आहे.

“मंग पेन्शन माझ्या नावानं पायजे व्हतं,” झुंबरबाई म्हणाली. “भिजवते मी.”

“तुझ्याच हातात देईन,” पुंजाराम म्हणाला.

“हातात देशीला, आन् दुसऱ्या दिशी तमाखूला मागशीला.” ती पुन्हा पाटाकडे वळली, पण तिने पदराचा शेव डोळ्यांना लावलेला मी पाहिला. इब्राहिमभाईंनीही पाहिला असावा, कारण ते एकदम मोठ्या आवाजात पाने पुन्हा पहिल्यापासून मोजू लागले.

दिवाळीनंतर बाकीच्या मळ्यात ऊस लागला. विहिरीकडचे वेल मात्र आज, हे लिहिते आहे तेव्हाही, उभे आहेत, आणि दर शनिवारी माझ्याकडे पाने येतात. पुंजारामच्या मिशा पिकल्या आहेत. उन्हाळ्यात तो दिवस मावळल्यावरच येतो, आणि माझी पायरी ओली होते.

लखोटा वाचला त्या दिवशी संध्याकाळी मी मळ्यातून आले, पाय धुतले, दिवा लावला आणि रोजनिशी काढली. पुंजारामचे पेन्शन मंजूर, इतके लिहून झाल्यावर त्याखाली लिहिले:

झुंबरबाईने पन्नास पाने दिली, पैसे घेतले नाहीत. ओल्या फडक्यात गुंडाळून माठाच्या बुडाशी ठेवली.